बार्बराची तलवार

जेनिव्हालचा फोन:
दाराशी ठेवायला आईच्या तलवारीतलं काहीतरी पाठव.
काहीतरी, म्हणाला. किती, कुठलं, ते नाही.
तो तिकडे दक्षिणेत, कोंबड्यांच्या शीतगृहात,
एकावर एक दोन हातमोजे.
मी काशुएरात, नदीच्या या काठी,
जिथे भिंतीतला खिळासुद्धा वर्षभरात मऊ पडतो.

तलवार म्हणजे झाडच. दाराच्या डाव्या अंगाला,
रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात,
ताठ पानं, सापाच्या अंगावरचे पट्टे,
आणि कडेकडेने पिवळी किनार.
किनार आहे म्हणून ही संत बार्बराची, आई म्हणायची.
वादळ दाराशी येतं, किनार बघतं, शेजारी जातं.
नुसती हिरवी, ती जॉर्जची. ती गॅरेजपुढे लावतात.
(शेजारच्या क्रेउझाबाईंची कौलं दोनदा उडाली.
आमची एकदाच.)

मासे कापायची सुरी उसाच्या दारूने पुसली.
सगळ्यात बाहेरचं पान, टोकाला तपकिरी झालेलं,
मातीलगत कापलं. आवाज काकडीचा आला.
त्याचे चार-चार बोटांचे तुकडे, सात.
प्रत्येकाला खालच्या अंगाने एक खाच,
कारण पानाला ठाऊक असतं खाली कुठे,
विसरतो आपण.
उलटा खोवलेला तुकडा कुजतो, मूळ धरत नाही.
क्रेउझाबाईंनी विशीत संत अँतोनियोला
पेल्यात डोक्यावर उभा केला होता, नवरा मिळेपर्यंत,
आणि मिळाला.
पण देव पाण्यात घालून बसणं वेगळं.
पानाला असली धमकी चालत नाही.

मग चार दिवस वर्तमानपत्रावर, सावलीत.
जखम वाळू द्यायची. ओली मातीत गेली की संपलं.
आईची खाट मी तिसऱ्याच दिवशी देऊन टाकली होती.
तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

रेतीत सात तुकडे उभे.
पाणी पंधरवड्यातून एकदा, तेही हात आखडून.
अकरा आठवडे काही नाही.
जेनिव्हाल विचारायचा. मी म्हणायची, झोपलंय.
बाराव्यात एकाला हलकेच ओढून पाहिलं,
आणि त्याने मला परत ओढलं.

पुढे कितीतरी दिवसांनी रेती फोडून टोक आलं.
सुईसारखं, हिरवं.
मग पान. हिरवं.
दुसरं पान. तेही हिरवंगार, कडेपर्यंत.
क्रेउझाबाई पोट धरून हसल्या:
अगं मारिनेस, बार्बरा पेरलीस, जॉर्ज उगवला!

शनिवारच्या बाजारातला अदाल्तो रोपं विकतो.
बोटावरची माती न झटकताच म्हणाला,
किनार पानातून उतरत नाही.
ती हवी तर गड्डा फोडायला लागतो.

डबा पत्र्याच्या कात्रीने कापला.
मुळांनी डब्याचा आकार घेतला होता,
तळाचा गोल शिक्कासुद्धा उमटलेला.
आत अंगठ्याएवढे नारिंगी कंद, एकमेकांत घुसलेले,
कोण कुणाचा ते कळेना.
पावाची सुरी चालवली. दोनदा थांबले.
तीन पानांचं एक पिल्लू, मुळासकट, किनारीसकट,
वाळवलं, कागदात गुंडाळलं,
आणि निव्हाल्दोच्या ट्रकमध्ये, त्याच्याच सीटमागे,
कांद्यांच्या पोत्यांशेजारी नाही, असं बजावून.

नऊ दिवसांनी फोटो आला.
दाराशी नाही. इमारतीत जिन्यावर काही ठेवू देत नाहीत.
तिसऱ्या मजल्याची खिडकी, बाहेर धुकं,
काचेला टेकलेली तीन पानं.
खाली त्याने लिहिलेलं:
हे आपलंच ना?
पिवळं होतं कडेला, हे मला आठवत नव्हतं.

मी उत्तर लगेच दिलं नाही.
हिरवा कॉफीच्या डब्यात हलवला,
दाराच्या उजव्या अंगाला.
अजून वीतभर आहे.
वादळ आलंच तर बघेल दोन्हीकडे,
थोडा वेळ तरी गोंधळेल.